खाडाखोड नसलेली वही
वाचकांचे प्रश्न : शाळा, कॉलेज आणि एआय

या वेळच्या पत्रांत शिक्षणावरचे प्रश्न बरेच आले, आणि त्यातले बहुतेक फिरून फिरून एआय, टॅब, ॲप आणि क्लास यांच्यापाशीच येतात. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत. नावं गाळली आहेत, गाव किंवा तालुका ठेवला आहे.

प्रश्न : मुलगा आठवीत आहे. गणिताचा गृहपाठ मोबाइलवर एआयला विचारून करतो. वहीत एक खाडाखोड नाही, सगळी उत्तरं बरोबर. घटक चाचणीत मात्र वीसपैकी सहा. मोबाइल काढूनच घ्यावा का? (एक आई, चिंचवड)

उत्तर : वहीत खाडाखोड नाही, हेच दुखणं आहे, आणि ते तुमच्या बरोबर नजरेत आलं.

तुर्कस्तानात माध्यमिक शाळेतल्या सुमारे हजार मुलांवर याच गोष्टीचा अभ्यास झाला. तो २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला सरावाच्या वेळी साधा एआय दिला. त्यांची सरावातली कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली. मग एआय काढून घेऊन परीक्षा घेतली, तर ज्यांना तो कधी दिलाच नव्हता त्या मुलांपेक्षाही हा गट १७ टक्के मागे पडला. दुसऱ्या गटाचा एआय उत्तर सांगत नव्हता, शिक्षकांनी आधी ठरवून दिलेल्या सूचना तेवढ्या देत होता. त्या मुलांचं परीक्षेत असं नुकसान झालं नाही. पण मोठा फायदाही झाला नाही, हेही लक्षात ठेवा. म्हणजे मोबाइल काढून घेतल्याने काम भागणार नाही. तो कोणत्या क्षणी हातात येतो, हे बदलायला हवं.

एक गणित घेऊ. ‘दोन संख्यांची बेरीज २५ आहे. मोठीची दुप्पट ही लहानीच्या तिपटीएवढी आहे. संख्या शोधा.’ मोठी क्ष, लहान य मानली तर क्ष + य = २५ आणि २क्ष = ३य. बरीच मुलं दुसरं समीकरण उलटं, म्हणजे ३क्ष = २य असं मांडतात, आणि क्ष = १०, य = १५ काढतात. आता एआयला गणित टाकलं की तो सांगतो : १५ आणि १०. मुलगा आपल्या वहीत बघतो, तिथेही १० आणि १५ आहेत. उत्तर जुळलं म्हणून बरोबरची खूण करून मोकळा होतो. आपली ‘मोठी’ संख्या लहानीपेक्षा लहान आली आहे, हे त्याला कोणी दाखवलंच नाही. पुढे हेच गणित वडील आणि मुलाच्या वयाचं होऊन येतं आणि मुलगा वडिलांपेक्षा मोठा निघतो.

त्यामुळे क्रम असा ठेवा. पहिली दहा मिनिटं फक्त कागद-पेन. चुकलं तरी चालेल, पण जिथे अडला तिथे ‘इथे अडलो, कारण...’ असं एक वाक्य त्याने लिहायचं. मग त्या अर्धवट पानाचा फोटो काढून एआयला असं सांगायचं : ‘मी आठवीत आहे. हे मी सोडवायचा प्रयत्न केलेलं गणित. उत्तर सांगू नकोस, पुढची पायरीही लिहू नकोस. माझी चूक मला सापडेल असा एकच प्रश्न विचार आणि थांब.’ वरच्या गणितात चांगला प्रश्न असा येईल : ‘तुझ्या उत्तरात मोठी संख्या कोणती आली?’

यात एक गोची आहे. चार-पाच संदेशांनंतर एआयला ही अट विसरण्याची खोड असते. मुलाने ‘समजलं नाही’ असं दोनदा लिहिलं की तो सगळं गणित सोडवून पुढ्यात ठेवतो, आणि मुलांना ही युक्ती फार लवकर कळते. म्हणून दर गणिताला नवी चॅट उघडायची आणि सूचना पुन्हा टाकायची. दहा गणितांतल्या जास्तीत जास्त तीन गणितांनाच एआय, हाही नियम करा.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मोबाइल लांब ठेवून, तेच गणित आकडे बदलून : बेरीज ३५, मोठीची तिप्पट लहानीच्या चौपटीएवढी. उत्तर २० आणि १५. तुम्हाला बीजगणित येत नसलं तरी ताळा करता येतो : बेरीज बघा, तीन विसे साठ, चार पंधरा साठ. जुळलं.

दोन आठवड्यांनी वही पुन्हा चाळा. आता तिच्यात खाडाखोड दिसायला हवी. वर्गशिक्षकांनाही एकदा भेटून सांगा की वही अस्वच्छ दिसली तर गुण कापू नका. नीटनेटक्या वहीचे दोन गुण वाचवायला मुलं खोडरबराने आपली चूकच पुसून टाकतात, आणि शिक्षकाला बघायला मिळायला हवी ती नेमकी तीच चूक.

वयाचंही बघा. युनेस्कोने सप्टेंबर २०२३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात वर्गात अशी साधनं वापरण्यासाठी किमान वय १३ सुचवलं आहे. चॅटजीपीटीसारख्या सेवेच्या अटींतही १३ ची किमान मर्यादा आणि १८ पर्यंत पालकांची परवानगी आहे. मुलगा अजून तेराचा नसेल तर त्याच्या नावाने खातं उघडू नका. तुमचं खातं, तुमच्यासमोर.

प्रश्न : आमची जिल्हा परिषदेची दोनशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी मिळून ३२ मुलं. लोकवर्गणीतून ४ टॅब आले आहेत. मुलं व्हिडिओ बघतात, खूश असतात, पण वाचन-गणितात फरक दिसत नाही. (एक शिक्षिका, दापोली तालुका)

उत्तर : फरक दिसत नाही याचं कोडं नको. टॅब वाटल्याने शिकणं वाढत नाही, हे जगाने फार महागात शिकून झालं आहे. पेरू देशाने मुलांना आठ लाखांहून जास्त लॅपटॉप वाटले. तीनशेहून अधिक ग्रामीण शाळांतल्या पाहणीत गणित आणि भाषेत काहीच सुधारणा आढळली नाही, हे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं. ‘दर मुलाला एक लॅपटॉप’ या त्याच जागतिक योजनेचे हिरवे-पांढरे लॅपटॉप २००७ मध्ये आपल्या कर्जतजवळच्या खैरातच्या शाळेतही आले होते.

उलट उदाहरण दिल्लीचं. सहावी ते नववीच्या मुलांना शाळेनंतर रोज ९० मिनिटं बसवलं : ४५ मिनिटं संगणकावर, ४५ मिनिटं लहान गटात माणसाकडून. साडेचार महिन्यांत गणितात आणि हिंदीतही ठळक प्रगती झाली. तिथलं सॉफ्टवेअर मुलाची इयत्ता न बघता त्याला नक्की काय येतं ते आधी तपासत होतं आणि तिथूनच सुरुवात करत होतं. सहावीतलं सरासरी मूल गणितात अडीच इयत्ता मागे होतं. त्याला सहावीचा व्हिडिओ दाखवून काय उपयोग?

तेव्हा आधी टॅब कपाटात ठेवा आणि दोन दिवस पातळी तपासा. दर मुलाला तोंडी पाच मिनिटं. वाचनासाठी अक्षर, शब्द, सोपा परिच्छेद, गोष्ट. गणितासाठी १ ते ९ ओळखणं, दोन अंकी संख्या ओळखणं, हातच्याची दोन अंकी वजाबाकी, तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भाग. मूल जिथे अडखळेल ती त्याची पातळी. चौथीतलं मूल दुसरीतल्यांच्या गटात आलं तर येऊ द्या, पण गटांना ‘हुशार-ढ’ असा वास असलेली नावं देऊ नका. आंबा, फणस, काजू, करवंद चालतील.

आता ८-८ चे चार गट आणि वीस-वीस मिनिटांचे चार फेरे, एकूण ८० मिनिटं. एक गट टॅबवर, एका टॅबला दोन मुलं. दुसरा तुमच्यासमोर. तिसरा जोडीने मोठ्याने वाचणारा. चौथा वहीत सोडवणारा. वीस मिनिटं झाली की घंटा आणि जागा बदल. टॅबवर दोघंच बसवा. तिघं बसले की तिसरं मूल नुसतं बघतं, आणि एकालाच दिला तर ते दहाव्या मिनिटाला भलत्याच ठिकाणी जातं. एकाने बोट चालवायचं, दुसऱ्याने उत्तर आधी वहीत लिहायचं, पाच मिनिटांनी अदलाबदल. वहीत लिहिल्याशिवाय पडद्याला बोट नाही, हा नियम पहिल्या आठवड्यात कडकपणे पाळा. नाहीतर मुलं चारही पर्याय दाबून बघतात, आणि ॲप टाळ्या वाजवतं.

बाकी तांत्रिक बाजू. दीक्षा ॲपवरचं साहित्य शाळेबाहेर नेट मिळेल तिथे आधी उतरवून ठेवा. पुस्तकातला क्यूआर कोड नेटशिवाय स्कॅन केला तर जे आधी उतरवलंय तेवढंच उघडतं, आणि मग ‘कोड चालत नाही’ अशी तक्रार होते. बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ ई-बालभारतीवरून फुकट मिळतात. त्याही प्रत्येक टॅबमध्ये ठेवा. आवाजासाठी वायरचे इअरफोन आणि दोघांत वाटायची दुहेरी पिन. चार टॅबचा आवाज एकदम लागला तर शेजारच्या गटाचं वाचन बुडतं.

साधा १० वॉटचा चार्जर टॅब पूर्ण भरायला तीन-चार तास घेतो. चारही टॅब शाळा सुटताना लावून गेलात तर रात्रभर १०० टक्क्यांवर पडून राहतात आणि बॅटरी लवकर थकते. मधल्या सुट्टीत दोन, शेवटच्या तासाला दोन, असं रोज थोडं थोडं लावा. उन्हाळ्याच्या सुट्टीत बॅटरी अर्धी ठेवून टॅब बंद करा आणि महिन्यातून एकदा बघा. पत्र्याच्या छपराखालच्या लोखंडी कपाटात मे महिन्यात ठेवलेल्या टॅबची पाठ जूनमध्ये फुगलेली सापडते. तसा टॅब चार्जिंगला लावायचा नाही, दाबून बसवायचा तर मुळीच नाही.

सहा आठवड्यांनी तीच तोंडी तपासणी पुन्हा घ्या. एकही मूल पातळी चढलं नसेल तर टॅबवरची वीस मिनिटं काढून तो वेळ तुमच्या गटाला द्या. लोकवर्गणी देणाऱ्यांना वाईट वाटेल म्हणून टॅब चालू ठेवण्यात अर्थ नाही.

प्रश्न : मी वरिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. साठातले चाळीस प्रकल्प एकाच हाताने लिहिल्यासारखे येतात. एआयने लिहिलेलं ओळखणारं एखादं खात्रीचं सॉफ्टवेअर सांगा. (एक प्राध्यापक, बार्शी)

उत्तर : खात्रीचं नाही, आणि त्याच्या भरवशावर कोणाला नापास करू नका. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःच असं एक साधन जानेवारी २०२३ मध्ये काढलं होतं. एआयने लिहिलेल्या मजकुरापैकी २६ टक्केच त्याला ओळखता येत होता आणि माणसाने लिहिलेला ९ टक्के मजकूर ते एआयचा ठरवत होतं. त्याच वर्षी जुलैमध्ये अचूकता कमी म्हणून त्यांनी ते बंद केलं. २०२३ मध्येच अशी सात साधनं तपासली गेली, तेव्हा इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेले निम्म्याहून जास्त निबंध या साधनांनी एआयचे ठरवले. सोपी वाक्यं, ठरावीक शब्द, सरळ रचना दिसली की त्यांना संशय येतो. आपल्या मुलांचं इंग्रजी तसंच असतं.

त्यापेक्षा गुणांची वाटणी बदला. वीस गुणांच्या प्रकल्पात पाच गुण कच्च्या मसुद्याला, पाच अंतिम लेखनाला, दहा तोंडी परीक्षेला. साठ जणांना चार मिनिटं म्हणजे चार तास. पाच तासिकांत बारा-बारा जण करून ते जमतं. प्रश्न तीनच पुरतात : ‘तिसऱ्या पानावरचा हा आकडा कुठून आणला?’, ‘हा शब्द तुझ्या भाषेत सांग’, ‘हे चुकीचं असेल तर कशावरून कळेल?’ स्वतः लिहिलेल्याला तिसऱ्या प्रश्नाला थोडं तरी सुचतं.

विषयही असा द्या की घरातून उठल्याशिवाय तो होणार नाही. ‘महागाईची कारणं’ नको. ‘आपल्या गावच्या आठवडे बाजारात चार आठवडे कांदा, टोमॅटो आणि तूरडाळीचा भाव, दर वेळी त्याच तीन विक्रेत्यांकडून; फरक का पडला, विक्रेता काय सांगतो’ असा द्या. भावाची नोंद तारखेसह हाताने केलेली हवी, आणि ती दर सोमवारी तुम्हाला दाखवायची. शेवटी सगळी नोंद एका रात्रीत लिहिलेली असेल तर पेनाची शाईच चुगली करते. एआयने मजकूर नीट करून दिला तर तसं शेवटच्या पानावर लिहू द्या, त्याला गुण कापू नका. संदर्भग्रंथांची यादी असेल तर त्यातली दोन नावं ग्रंथालयात शोधून बघा. एआय अस्तित्वातच नसलेली पुस्तकं लेखक, प्रकाशक आणि वर्षासकट बेधडक देतो.

प्रश्न : मुलगी मराठी माध्यमात नववीत आहे. एआय इंग्रजीतच नीट चालतो म्हणतात. आमच्या मुलांचं काय? (एक पालक, अंबाजोगाई)

उत्तर : मराठीत चालतो, आणि दोन-तीन वर्षांपूर्वीपेक्षा बराच बरा चालतो. पण त्याच्या मराठीला हिंदीची फोडणी असते, आणि विज्ञानात ती मुलीचे गुण घालवू शकते.

सगळ्यात फसवी जागा ‘अणू’ या शब्दाची. मराठीत मूलद्रव्याचा सगळ्यात लहान कण तो अणू आणि अणू जोडून होतो तो रेणू. हिंदीत पहिल्याला परमाणु म्हणतात आणि दुसऱ्याला अणु. एआय हिंदीच्या वळणाने गेला तर लिहितो, ‘पाण्याच्या एका अणूत हायड्रोजनचे दोन परमाणू असतात.’ हिंदीच्या वर्गात हे बरोबर आहे. मुलीच्या उत्तरपत्रिकेत मात्र रेणूच्या जागी अणू येतो. मराठीत ओळखीचा शब्द आहे म्हणून संशयही येत नाही. ‘वस्तुमान’ऐवजी ‘द्रव्यमान’, ‘वजन’ऐवजी ‘भार’, ‘मूलद्रव्य’ऐवजी ‘तत्त्व’, ‘विद्युत प्रभार’ऐवजी ‘आवेश’, ‘रोध’ऐवजी ‘प्रतिरोध’ हे शब्द निदान वेगळे दिसतात, म्हणून पकडता तरी येतात. ‘चाल’ आणि ‘वेग’ यांची गल्लत तर आपण बोलतानाही करतो. पुस्तकात चालीला दिशा नाही, वेगाला आहे.

यावर इलाज साधा आहे. धडा सुरू करताना मुलीने त्यातल्या वीस-पंचवीस संज्ञा स्वतः वहीत उतरवायच्या, प्रत्येकीसमोर पुस्तकातली एका ओळीची व्याख्या. या पानाचा फोटो चॅटच्या सुरुवातीला टाकून लिहायचं : ‘महाराष्ट्र राज्य मंडळ, नववी. फक्त याच संज्ञा वापर. यादीत नसलेली संज्ञा वापरलीस तर तिच्याखाली रेघ मार.’ अर्धा गोंधळ तिथेच संपतो. संज्ञा मुलीनेच उतरवायच्या, तुम्ही नाही. तो अर्धा अभ्यास आहे.

आकड्यांवरही लक्ष ठेवा. बोलून विचारलं की ‘पावणेदोनशे’, ‘साडेसातशे’, ‘एकोणऐंशी’ यांत कधीकधी घसरतो. १७५, ७५०, ७९ असं अंकांत टाइप केलेलं बरं. देवनागरी मजकूर ही यंत्रं इंग्रजीपेक्षा जास्त तुकड्यांत मोडतात. त्यामुळे फुकटच्या खात्याची मर्यादा मराठीत लवकर संपू शकते. लांबलचक धडा चिकटवण्यापेक्षा एकेक परिच्छेद द्या.

आणि एक सांगायलाच हवं. इंग्रजीत चांगलं उत्तर मिळतं म्हणून नववीतल्या मुलीला संकल्पना समजायच्या आधी इंग्रजीकडे ढकलू नका. आधी मराठीत समजू दे. मग तोच परिच्छेद इंग्रजीत मागून दोन्ही शेजारी ठेवून वाचायचा. अकरावीत विज्ञान घेणार असेल तर हा सराव रोज दहा मिनिटं, दहावीच्या सुट्टीपासून.

प्रश्न : दुसरीतल्या मुलीसाठी कोडिंगचा ऑनलाइन क्लास. दीडशे तासिका, फी हप्त्याने. ‘आत्ता नाही शिकली तर मागे पडेल’ असं फोनवर सांगतात. (एक वडील, पनवेल)

उत्तर : नाही पडणार. केंद्र सरकारने २०२६-२७ पासून तिसरीपासून एआय आणि संगणकीय विचारपद्धती आणण्याचं जाहीर केलं आहे. त्या वयाला विचारपद्धती म्हणजे क्रम लावणं, नमुना ओळखणं, मोठ्या कामाचे तुकडे करणं. ‘चहा कसा करायचा ते रोबोटला सांग’ हा खेळ खेळा. ती म्हणेल ‘पाणी उकळ’, तुम्ही विचारा ‘कशात?’ पंधरा मिनिटांत तिला कळेल की आपण किती गोष्टी गृहीत धरतो. याला फी नाही.

हप्त्यांबद्दल मात्र सावध राहा. अशा फीचा हप्ता पुष्कळदा प्रत्यक्षात एखाद्या वित्तसंस्थेचं तुमच्या नावावरचं कर्ज असतं. क्लास सोडला तरी हप्ता कापला जातो. कर्ज कोणाचं, क्लास मध्येच सोडला तर किती परत, किती दिवसांत, हे ओटीपी देण्याआधी लेखी घ्या. ओटीपी ही सहीच असते.

प्रश्न : मी तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मशीन लर्निंग शिकवायला इथे कोणी नाही. ऑनलाइन कोर्स केला तर पदवीत धरतात का? (एक विद्यार्थिनी, गडहिंग्लज)

उत्तर : धरता येतात, पण कोर्स ‘स्वयम’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावरचा हवा आणि कॉलेजची मान्यता आधी हवी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय स्वयमवरून घेता येतात. ‘येतात’ म्हणजे विद्यापीठाने आणि कॉलेजने तो विशिष्ट कोर्स मान्य केला तर. म्हणून पहिलं काम नोंदणीचं नाही. कोर्सचं नाव, आठवडे, कोणती संस्था शिकवते आणि कोणत्या विषयाऐवजी हवा, हे लिहून प्राचार्यांकडे अर्ज द्या आणि पोच घ्या. आधी कोर्स करून मग प्रमाणपत्र घेऊन गेलेल्यांना ‘छान, फाइलला लावा’ एवढंच ऐकायला मिळतं.

स्वयमवर एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षण उपक्रमाचे कोर्स आहेत. सत्रं जानेवारी आणि जुलैपासून. ४, ८ किंवा १२ आठवडे, साधारण १, २ आणि ३ श्रेयांक (क्रेडिट). शिकणं फुकट, परीक्षेला हजार रुपयांच्या आसपास शुल्क. कोर्सची नोंदणी आणि परीक्षेची नोंदणी या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. दुसरीची तारीख चुकली की सगळं शिकून प्रमाणपत्र नाही. गुणांची विभागणी २५ स्वाध्यायांना, ७५ केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला. उत्तीर्ण व्हायला स्वाध्यायात २५ पैकी १० आणि परीक्षेत ७५ पैकी ३०, दोन्ही हवेत. बारा आठवड्यांच्या कोर्सात बारापैकी सर्वोत्तम आठ स्वाध्याय धरतात. म्हणजे चार बुडाले तरी चालतं, पण मुलं सुरुवातीचेच चार बुडवतात आणि सातव्या आठवड्याला आजारी पडतात.

मशीन लर्निंगच्या कोर्सात तिसऱ्या-चौथ्या आठवड्याला गळती होते, आणि कारण बहुधा गणित असतं. सुरू करण्याआधी तीन गोष्टी हाताने करून बघा : दोन बाय दोनच्या सारणींचा (मॅट्रिक्सचा) गुणाकार, क्ष वर्गाचं विकलन, आणि सशर्त संभाव्यतेचं एखादं उदाहरण. यातल्या दोन अडल्या तर हे सत्र पायथॉन आणि रेषीय बीजगणिताला द्या, मशीन लर्निंग पुढच्या सत्राला. सहा महिने उशीर झाला तर काही बिघडत नाही. पाया नसताना एआयकडून स्वाध्याय लिहून घेतले तर २५ पैकी २४ मिळतात आणि केंद्रावर ७५ पैकी १८. चिंचवडच्या वहीचीच गोष्ट, फक्त आठवीऐवजी बी.एस्सी.

नोंदणी करताना नाव आधारवर आणि श्रेयांक खात्यावर आहे तसंच, त्याच क्रमाने लिहा. आडनाव आधी की नंतर यावरून श्रेयांक अडकल्याच्या तक्रारी कंटाळा येईल इतक्या आहेत.

प्रश्न : शाळा मुलांचे फोटो, निकाल, आधार असं बरंच काही वेगवेगळ्या ॲपवर मागते. नाही म्हणता येतं का? (एक पालक, मडगाव)

उत्तर : विचारता नक्की येतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती बालक धरली आहे आणि तिची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. कायदा टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे. विद्यार्थ्याच्या ‘अपार’ या शैक्षणिक ओळखक्रमांकासाठीही पालकांची संमती घेतली जाते. शाळेला तीन गोष्टी लेखी विचारा : माहिती कोणाच्या ॲपवर जाते, कशासाठी, आणि मूल शाळा सोडून गेल्यावर ती पुसणार का. आणि आपणही निकालपत्रकाचा नाव-क्रमांकासकट फोटो एआयला टाकून ‘माझं मूल कुठे कमी पडतं’ विचारू नये. नाव झाका, गुण तेवढे द्या.

प्रश्न : संध्याकाळी मोबाइल-टीव्ही बंदीचा भोंगा आमच्या गावातही सुरू करायचा आहे. कडेगाव तालुक्यात जमलं, आमच्याकडे टिकेल का? (ग्रामपंचायत सदस्य, जत तालुका)

उत्तर : कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये हे सुरू केलं : सातला भोंगा, दीड तास सगळं बंद, साडेआठला पुन्हा भोंगा. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीच्या २०२४ च्या अहवालात, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयाच्या ग्रामीण मुलांपैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी आणि ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी फोन वापरल्याचं सांगितलं आहे. म्हणजे गरज आहेच.

टिकणं न टिकणं मोठ्यांवर आहे. आई मालिका बघत असेल आणि मुलाला पुस्तक उघडायला सांगत असेल तर तिसऱ्या दिवशी भोंगा नुसता वाजतो. आधी महिला बचत गटांना विचारून वेळ ठरवा, गावाच्या धार काढायच्या वेळा बघा, भारनियमन असेल तर तेही. सुरुवातीला आठवड्यातले पाचच दिवस. फिरून बघायला दर गल्लीत दोन जण, पण दंड लावू नका. दंड लावला की दारं बंद होतात आणि टीव्हीचा आवाज कमी होतो, एवढंच. ज्या घरात बसायला जागा नाही किंवा शिकवायला कोणी नाही त्या मुलांसाठी शाळेची एक खोली आणि समाजमंदिर उघडं ठेवा. तिथे एका वेळी दोन मोठी माणसं हवीत.

आणि भोंगा बसवण्याआधी मुख्याध्यापकांना भेटा. बऱ्याच शाळांचा गृहपाठ व्हॉट्सॲप ग्रुपवर येतो, आणि तो यायची वेळ संध्याकाळी सातचीच असते. तो शाळा सुटायच्या आधी फळ्यावर लिहून द्यायला सांगा.